डॅनिश (डिंगमार, दानिश)

डॅनिश म्हणजे डेन्मार्कचा, मग तो माणूस असो, भाषा असो की बेकरीतला पापुद्र्यांचा गोड पाव. (त्या पावाला खुद्द डेन्मार्कात 'व्हिएन्नाचा पाव' म्हणतात, आणि व्हिएन्नात तोच कोपेनहेगनचा होतो.)

मूळ नाव डेन लोकांचं. सहाव्या शतकात योर्डानेस हा इतिहासकार लॅटिनमध्ये 'डानी' लिहितो. व्युत्पत्तीवर मात्र एकमत नाही. एक मत असं की सपाट किंवा सखल जमीन अशा अर्थाच्या धातूवरून हे नाव आलं, जर्मनमधला 'टेने' म्हणजे खळं हा त्याचाच भाऊबंद. दुसरं मत डान नावाच्या मूळपुरुषाचं, १२०० च्या आसपास सॅक्सो ग्रामाटिकस हा डॅनिश इतिहासकार ती कथा देतो, पण जमातीच्या नावावरून राजा उभा करायची खोड सगळीकडचीच, त्यामुळे पहिलं मत बरं. 'मार्क' म्हणजे सीमेवरचा मुलूख. डेन्मार्कातल्या येलिंग गावच्या कोरीव शिळांवर, म्हणजे साधारण दहाव्या शतकात, देशाचं नाव कोरलेलं सापडतं.

मराठीत 'डॅनिश' यायच्या खूप आधी 'डिंगमार' होता. आज्ञापत्र या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात (साधारण १७१५-१६) फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरांसीस (फ्रेंच) यांच्या रांगेत टोपीकर, म्हणजे युरोपीय, म्हणून डिंगमार येतात. हा शब्द पोर्तुगीज 'दिनामार्का'वरून आला असावा, बंगालीतला 'दिनेमार' बघता तेच पटतं. डॅनिशांचं ठाणं तंजावरच्या मुलखात तरंगमबाडीला, १६२० पासून १८४५ पर्यंत, म्हणजे तिथे भोसले यायच्या आधीपासून ते त्यांचं राज्य सरत आलं तोवर. दुसरं बंगालात श्रीरामपूरला (नगरचं नव्हे), इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं ते तिथेच.

'दानिश' हे मुलाचं नाव वेगळंच, रोमन लिपीत स्पेलिंग सारखं दिसतं म्हणून घोळ होतो एवढंच. हा फारसी शब्द, अर्थ ज्ञान किंवा शहाणपण, इराणात विद्यापीठाला 'दानिशगाह' म्हणतात. 'दानिस्तन' म्हणजे जाणणे, आणि आपलं 'जाणणे' संस्कृत 'ज्ञा'वरून त्याच कुळातलं, फक्त आपल्या ज च्या जागी फारसीत द आलाय. मराठीत दानिश फारसा रुळला नाही पण त्याचे नातलग रुळले, 'नादान' म्हणजे न जाणणारा, 'कदरदान' म्हणजे कदर जाणणारा. पानदानातलं 'दान' मात्र यातलं नाही, ते ठेवायच्या भांड्याचं.