अनुकूल व्यायामसाधने (दिव्यांगांची)

शरीराला वा इंद्रियाला मर्यादा असलेल्या माणसाला हौसेने, स्वतःच्या मर्जीने व्यायाम करता यावा म्हणून घडवलेली साधने. दवाखान्यातली उपचाराची उपकरणे यांत धरत नाहीत. फरक हेतूचा आहे आणि तो मोलाचा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात अशा माणसाला बोलताना ‘अपंग’, मराठी छापील मजकुरात ‘दिव्यांग’ आणि कर्नाटकच्या सरकारी कागदांत ‘विकलचेतन’ म्हणतात.

उगम : हातांनी चालवायच्या साधनांचा माग सहसा न्यूरेंबर्गचा घड्याळजी श्टेफान फार्फ्लर (१६३३–८९) याच्या तीनचाकी गाडीपर्यंत नेला जातो. तिचे साल बहुधा १६५५. फार्फ्लरचे पाय लुळे होते की कापलेले, याबाबत एकमत नाही. पुष्कळ जण या गाडीला स्वतः हाकता येणारी पहिली चाकाची खुर्ची मानतात. मुठी फिरवून चाकाला गती देण्याची तिची रचना पाहता तिला हातसायकलीची पूर्वज म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. अर्थात ती प्रवासासाठी होती. दिव्यांगांच्या संघटित खेळाला वळण मिळाले ते मज्जातंतुतज्ज्ञ डॉक्टर लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे भरवलेल्या स्पर्धेने. सीमाभागाला लागूनच असलेल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत जलतरणात सुवर्णपदक मिळवले.

रचना : सायकलीची पेडल एक पुढे, एक मागे असतात, हातसायकलीच्या मुठी मात्र बहुधा एकाच वेळी पुढे जातात. त्याच मुठींनी गाडी वळवायची असल्याने आळीपाळीने जोर लावला तर पुढचे चाक डगमगते. तालमीतला मुद्गल बसूनही फिरवता येतो, पण चाकाच्या खुर्चीत खालचा झोक घेताना तो चाकाला आपटतो. म्हणून तो आखूड हवा, मूठ जाड हवी आणि बोटांत जोर नसेल तर मनगटाला पट्टा हवा.

बागेतल्या ओपन जिमची बैठक जमिनीत पक्की रोवलेली असते. खुर्चीवरच्या माणसाची वाट तिथेच अडते. बैठक काढता यावी, खुर्ची वळायला १५०० मिमी जागा असावी, उताराचे प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नसावे. खानापूरच्या पावसात बेअरिंग गंजले की सर्वांत हलका टप्पाही जड होतो, आणि ज्याच्या हातात कमी ताकद, तोच आधी बाहेर पडतो. झाकलेले, ग्रीस भरता येणारे बेअरिंग बसवणे बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या कारागिरांना मुळीच अवघड नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली असून कलम ३० खेळांविषयी आहे. जुन्या तालमींत मात्र कुस्तीच्या हौद्याच्या (मातीच्या आखाड्याच्या) आधी उंबरठा लागतो.

दृष्टिहीनांसाठी : आत घुंगरू असलेला चेंडू. १९४६ साली सुरू झालेल्या गोलबॉल या दृष्टिहीनांच्या सांघिक खेळातील असा चेंडू १.२५ किलोचा असतो.