वाटीचं माप: खळ्यातल्या शिगेपासून मिलिलिटरपर्यंत

नवी सून घरात येते तेव्हा उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवतात आणि ती ते ओलांडून आत येते. लग्नातला हा विधी सगळ्यांना माहीत आहे, पण ते माप एकेकाळी खरोखर मोजायचं साधन होतं, घरातला दाणागोटा त्यानंच मोजला जायचा, हे हळूहळू विसरलं गेलं. आता स्वयंपाकघरात मोजायचं काम वाटीकडे आहे. 'दोन वाट्या ज्वारीचं पीठ, दीड वाटी पाणी' असं आपण सहज सांगतो. कोणती वाटी, हे मात्र सांगत नाही. चटणीची, आमटीची की खिरीची? दुकानात विचारलं तर तोंडाचा व्यास कळतो. वाटीत मावतं किती, ते त्यावरून कळत नाही.

मराठवाड्यात हा प्रश्न दोन पिढ्यांपूर्वी पडला नसता. ज्वारीची रास खळ्यावर पडली की मापाचं कोष्टक तोंडपाठच असायचं: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी, दोन अडशेऱ्यांची पायली. पुढे मण आणि खंडी. मणाच्या पायल्या गावोगावी वेगळ्या, पण खालचं सगळं दुपटीनं चढत जायचं. या दुपटीत मोठी सोय होती. मापटं खरं आहे का, हे पाहायला तराजू लागत नसे. चिपटं दोनदा भरून ओतलं की लबाडी उघडी पडायची. मोजणारा पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचा, मग दोन, तीन असं पुढे. बलुतेदाराचा वाटा, उसनं दिलेलं धान्य, सालगड्याची ज्वारी, सगळं याच मापांनी ठरायचं. म्हणून 'मापात पाप' हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका जड आहे.

पण माप खरं असून भागत नाही. ते भरायचं कुठपर्यंत? खरा तंटा तिथेच असायचा. काठाच्या वर धान्याचा जो शंकू उभा राहतो ती शीग. शीग लावून माप घ्यायचं की हातानं पुसून सपाट, यावर घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा नफातोटा ठरायचा. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या 'लीलावती'त धान्याच्या राशीचं गणित दिलं आहे. राशीच्या घेराचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि उंचीनं गुणायचं. उंचीसुद्धा धान्यावर ठरते: जाड दाण्याच्या राशीत घेराचा दहावा भाग, बारीक दाण्याच्या राशीत अकरावा आणि कुसळाच्या धान्यात नववा. बारीक दाणा घसरतो, कुसळाचा अडकून राहतो, हे निरीक्षण त्या तीन आकड्यांत बसवलं आहे.

हाच नियम आजच्या वाटीला लावून पाहा. तोंड 10 सेंटिमीटर असेल तर घेर सुमारे 31.4 सेंटिमीटर. जाड दाण्याची शीग 3.1 सेंटिमीटर उंच राहील आणि तिच्यात 80 ते 85 मिलिलिटर दाणे मावतील. तोंड 7 सेंटिमीटर असेल तर शीग 30 मिलिलिटरच्याही आत. पोटात तेवढंच मावणाऱ्या दोन वाट्या घ्या, एक पसरट आणि एक उभट. शीग लावली की पसरट वाटी कितीतरी जास्त धान्य घेऊन जाते. मापाच्या तोंडाची रुंदी हा म्हणूनच पैशाचा प्रश्न होता.

आणि माप कोणाचं, हा सत्तेचा. देवगिरीच्या यादवांच्या काळातला एक शिलालेख कन्नडचा घाट उतरून खाली गेलं की चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं मठ स्थापला, त्याच्या उत्पन्नाची सोय या लेखात नोंदली आहे. त्यातल्या जुन्या मराठीच्या ओळी सांगतात, की इथे जे मोजायचं ते मठाच्या मापानं मोजावं, आणि मापणावळ निम्मी मठाला, निम्मी मापाऱ्याला. मला हा लेख फार महत्त्वाचा वाटतो. गणित्याच्या नावानं उभ्या राहिलेल्या मठाला बाजारातल्या मापाची नेमकी तरतूद करावी लागली, यातच सगळं आलं.

पुढे शतकानुशतकं ही मापं गावागणिक, पेठेगणिक वेगळी राहिली. ब्रिटिश मुलखात 180 ग्रेनचा तोळा आणि 80 तोळ्यांचा शेर प्रमाण धरला गेला. आजच्या हिशेबानं तो शेर 933 ग्रॅम होतो. मराठवाडा मात्र 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. नाणं वेगळं, हाली सिक्का. त्यातून मापी शेर आणि वजनी शेर या दोन वेगळ्याच गोष्टी. मापी शेरात बाजरी, तूर, करडई घातली तर प्रत्येकाचं वजन निराळं भरणार.

1956 हे वर्ष दोन अर्थांनी वळणाचं ठरलं. 1 नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि डिसेंबरात देशाचा वजन-मापांचा प्रमाणीकरण कायदा झाला. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, 1 ऑक्टोबर 1958 पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्यानं बाजारात शिरला आणि 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शेर-मण व्यवहारातून कायद्यानं बाद झाले. लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा जालन्याच्या मोंढ्यात काय, धान्य आता तराजूवर चढलं. घनफळानं मोजायचं राहिलं ते दूध, तेल, रॉकेल.

इथेच स्वयंपाकघर मागे राहिलं. बाजारातलं माप गेलं तसं घरातलं चिपटं-मापटंही माळ्यावर गेलं, पण घरात तराजू आला नाही. मोजायची सवय घनफळाचीच राहिली आणि ती हाताला लागेल त्या वाटीवर येऊन बसली. चिपट्याला निदान कोळव्याचा पडताळा होता. वाटीला कशाचाच नाही. त्यात भांडीही बदलली. ठोकून घडवलेली तांब्या-पितळेची भांडी, ज्यांना कल्हई लागायची, ती मागे पडली आणि साच्यात दाबून काढलेलं स्टील आलं. एका संचातल्या सहा वाट्या आता एकसारख्या असतात, हा मोठा फायदा. पण शेजारच्या घरातला संच दुसऱ्या साच्यातला असतो. मोबाइलवर पाककृती बघणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी: अमेरिकेतला कप सुमारे 237 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला 250 चा, जपानमधला 200 चा. आपण तिघांनाही 'एक वाटी' म्हणून मोकळे होतो.

भाकरीच्या पिठात याचा फारसा फरक पडत नाही, पीठ हाताला कळतं. पण आहाराची पाहणी करताना पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पाहण्यांत म्हणूनच प्रमाणित वाट्यांचा संच घरोघरी नेतात आणि काल किती डाळ खाल्ली ते त्या वाट्यांवरून विचारतात. जुलाब होणाऱ्या लेकरासाठी घरी मीठ-साखरेचं पाणी करताना तर फार पडतो. 1 लिटर पाण्याला 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शब्द 'सपाट' आहे. मिठाच्या चमच्याला शीग लागली तर ते पाणी बाळाला अपाय करतं. पाण्याचा तांब्याही 1 लिटरचाच आहे ना, हे आधी पाहिलेलं असलं पाहिजे.

मग वाटी मोजायची कशी? पट्टीनं मोजण्याच्या भानगडीत पडू नये. 10 सेंटिमीटर तोंडाची आणि 4 सेंटिमीटर खोल वाटी सरळ उभ्या कडांची असेल तर तिच्यात 314 मिलिलिटर मावतात. तळ गोलाकार उतरता असेल तर तेवढ्याच तोंडाच्या नि खोलीच्या वाटीत सुमारे 190. पट्टीवर दोघी सारख्याच. खात्रीचा मार्ग पाण्याच्या वजनाचा. 1901 ते 1964 या काळात लिटरची व्याख्याच अशी होती: 1 किलो शुद्ध पाणी कमाल घनतेला, म्हणजे सुमारे 4 अंश सेल्सिअसला, जेवढी जागा व्यापतं ती. कोरडी वाटी डिजिटल काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. आपल्याकडे मे महिन्यात टाकीतलं पाणी 40 अंशांपर्यंत तापलेलं असतं, तेव्हा 200 मिलिलिटर पाण्याचं वजन 198.4 ग्रॅम भरतं. दीड ग्रॅमचाच फरक, सोडून द्यावा असा.

चूक होते ती काठावर. काठोकाठ भरलेलं पाणी काठाच्या वर किंचित फुगतं, सांडत नाही, आणि डोळ्याला ते सपाटच वाटतं. 10 सेंटिमीटर तोंडाच्या वाटीत 1 मिलिमीटर उंची म्हणजे जवळपास 8 मिलिलिटर. 14 सेंटिमीटरच्या वाडग्यात तीच 15. सहा सेंटिमीटर तोंडाच्या पेल्यात मात्र तीनच्याही आत. डोळे काठाच्या पातळीला आणा आणि फुगवटा दिसला की चमच्यानं पाणी थोडं काढा. रोजच्या मापासाठी भांडं निवडताना तोंड अरुंद आणि कडा सरळ असलेलं घ्यावं. अशा भांड्याचा आणखी एक उपयोग आहे. भरून हळूहळू तिरकं करत जा. पाणी एका बाजूला काठाशी आणि दुसऱ्या बाजूला तळाच्या कडेशी टेकलं की भांड्यात बरोबर निम्मं पाणी उरतं. गोल तळाच्या वाटीत हे साधत नाही.

1 एप्रिल 2011 पासून लागू असलेला वैधमापन कायदा दुकानदाराच्या मापाची पडताळणी करून त्यावर शिक्का मारतो. घरातली वाटी विक्रीचं माप नाही, तिला तो लागू नाही, आणि व्हावा अशी गरजही नाही. पण आपल्याकडे नवीन भांडं घेतलं की दुकानातच यंत्रानं त्याच्यावर नाव टाकून घेतात. रुखवताच्या भांड्यांवर तर हमखास. त्या नावाखाली वाटीचे मिलिलिटरही टाकून घ्यावेत. दुकानात काटा असतोच, पाणीही असतं. 'आमच्या घरी वाटी म्हणजे 180' असं एकीनं दुसरीला फोनवर सांगितलं, की शिऱ्याचं प्रमाण परभणीहून उदगीरला पोचताना बिघडणार नाही.