एक ठोका की दोन? हृदयध्वनींच्या घरगुती ध्वनिमुद्रणाची पार्श्वभूमी

छातीला कान लावून हृदय ऐकण्याच्या जुन्या रीतीला १८१६ मध्ये साधन मिळाले. पॅरिसमधील एका डॉक्टरने कागदाची घट्ट सुरळी करून तिचे एक टोक रुग्ण तरुणीच्या छातीवर टेकवले. ऐकलेला आवाज कागदावर आलेखाच्या रूपात उतरवणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात साधले. पुढे सोनोग्राफी आल्यावर दवाखान्यांतून ध्वनिआलेख जवळजवळ हद्दपार झाला आणि तो जपण्याचे काम काही हौशी माणसांनी उचलले, ही घरच्या घरी हृदयध्वनी टिपण्याच्या या छंदाच्या दृष्टीने मोठी घटना होय.

आजच्या छंदाचे स्वरूप मात्र स्वस्त मायक्रोफोनने घडवले. पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळाच्या परिसरात अगदी किरकोळ किमतीला मिळणारी मायक्रोफोनची कॅप्सूल स्टेथोस्कोपच्या नळीत बसवायची, सांधा हवाबंद करायचा आणि तार थेट रेकॉर्डरला जोडायची, एवढ्याने काम भागते. मोबाइलवर आवाज नीट उतरत नाही, कारण बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून फोन खोल आवाज गाळून टाकतो, आणि हृदयध्वनींचा मुख्य भाग सुमारे २० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यातच असतो.

मुद्रण हाती आले की पहिली अडचण येते ती ‘ठोका’ या शब्दाची. घड्याळाने चार ठोके दिले म्हणजे चार आवाज झाले, हे मराठी कानाला पक्के ठाऊक असते. हृदयाच्या एका ठोक्यात मात्र दोन आवाज असतात. पहिला, खोल आणि किंचित लांब, कर्णिका व जवनिका या हृदयाच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधील झडपा मिटताना उठतो. दुसरा, आखूड आणि टोकदार, रोहिण्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटताना. संगणकावर आलेखातले उंचवटे मोजणारा नवखा माणूस म्हणूनच मिनिटाला ७२ ऐवजी १४४ ठोके लिहून मोकळा होतो आणि उगाच घाबरतो. एका उंचवट्याला एक ठोका म्हणावे, असा आग्रह काही जण अजूनही धरतात. तो प्रस्तुत लेखकाला मान्य नाही, कारण मनगटावरची नाडी त्या दोन आवाजांमागे एकदाच उडते, आणि दीर्घ श्वास आत घेताना दुसरा आवाजही दुभंगू शकत असल्याने त्या हिशेबाने एकाचे तीन ठोके होतील. स्वस्थ बसलेल्या माणसात पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर कमी आणि तेथून पुढच्या पहिल्यापर्यंतचे जास्त असते, त्यामुळे जोडी ओळखता येते. पर्वती चढून आल्याबरोबर मुद्रण केले तर ही दोन्ही अंतरे जवळजवळ सारखी होतात. अशा वेळी मानेवरच्या नाडीवर बोट ठेवून, तिच्याबरोबर ऐकू येतो तो पहिला ध्वनी, असे ठरवावे लागते. ‘काळजाचा ठोका चुकला’ या वाक्प्रचारातही हीच जोडी अभिप्रेत धरली तर तो शरीराला धरून राहतो: एक आकुंचन वेळेआधी होते, त्यानंतर विराम लांबतो, आणि माणसाला जाणवतो तो विराम. (मटणाच्या दुकानात मात्र काळीज म्हणून मिळते ते यकृत, हा या विषयातला आणखी एक शब्दाचा गुंता.)

दुसरा वाद गाळणीचा आहे. आपल्याकडील विजेची गुणगुण ५० हर्ट्झची, म्हणजे नेमकी हृदयध्वनींच्या पट्ट्यात बसणारी असल्याने ती संगणकावर गाळली की पहिल्या ध्वनीचा काही अंशही तिच्याबरोबर जातो. चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करणे हाच त्यावरचा प्रामाणिक उपाय आहे. गणेशोत्सवाआधीच्या आठवड्यांत नदीकाठी चालणाऱ्या ढोलांच्या सरावावर तोही चालत नाही, कारण ढोलाचा खोल घुमारा भिंतीतून आणि खिडकीतून त्याच पट्ट्यात येतो. त्या दिवसांत मुद्रणासाठी पहाटेची वेळ तेवढी उरते.