सामूहिक वनसंपत्तीचा दावा: कोण करू शकतं, पुरावे कोणते, फाईल कुठून कुठे जाते

अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी पायविहीर हे गाव आहे. 2012 साली गावाला 193 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा तिथे जंगल म्हणावं असं फारसं उरलं नव्हतं. गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, रोपं लावली, जगवली. पुढे त्याच टेकड्यांवरची सीताफळं शहरात विकली जाऊ लागली. आपल्याही गावाला हे करायचं असेल, तर आधी हक्काचा कागद हातात हवा.

सामूहिक वनसंपत्तीचा हा हक्क वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(1)(आय) मध्ये आहे: गाव पिढ्यान्‌पिढ्या जे जंगल राखत आणि वापरत आलं, त्याचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क. जमिनीची मालकी मिळत नाही, जमीन विकता येत नाही. वनखातं आणि गाव मिळून जंगल राखतात त्या संयुक्त वन व्यवस्थापनाशी याची गल्लत करू नका. तिथे शेवटचा शब्द वनखात्याचा असतो, इथे ग्रामसभेचा.

दावा ग्रामसभा करते. सरपंच नाही, एखादी संस्थाही नाही. पेसा क्षेत्रात, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित आदिवासी भागात, पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही करू शकते. ‘हे आदिवासी गावांचंच आहे’ असं सह्याद्रीच्या गावांमधून हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. बिगरआदिवासींना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून हक्क आहे. अट एवढीच की 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथे वास्तव्य आणि उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबित्व हवं. राखीव वन असो, संरक्षित वन असो वा अभयारण्य, दावा करता येतो.

पहिलं काम वनहक्क समितीचं. ग्रामसभेने 10 ते 15 जणांची समिती निवडायची. त्यात किमान एक तृतीयांश महिला आणि, गावात आदिवासी असतील तर, किमान दोन तृतीयांश आदिवासी सदस्य हवेत. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर असणं आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला असणं बंधनकारक आहे. कोरम नीट लिहा, सह्या-अंगठे त्याच दिवशी घ्या. चांगल्या फाईली अडकतात त्या बहुतेक इथेच: ठराव झकास, हजेरीपत्रक कोरं.

अर्ज म्हणजे ‘फॉर्म सी’. फी नाही. त्यात गाव, ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा, ग्रामसभा सदस्यांची नावं आणि प्रत्येकासमोर आदिवासी की इतर, ही नोंद. जमिनीचा गट क्रमांक किंवा वनखात्याचा कक्ष क्रमांक माहीत असले तरच लिहायचे. मग शेजारच्या गावांची नावं, पुराव्यांची यादी आणि नकाशा.

नकाशाला वेळ द्या. ऑफिसात बसून गूगलवर रेघ ओढू नका. म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन गावाची शीव चाला. ‘हा शेंदूर फासलेला दगड, इथून खाली ओहोळापर्यंत आमचं, पलीकडे त्यांची गुरं’ असं कुणीतरी सांगतं आणि बाकीचे माना डोलावतात. तोच बिंदू जीपीएसवर घ्या, फोटो काढा, सांगणाऱ्याचा जबाब लिहून घ्या. शेजारच्या गावाला त्या दिवशी बोलवाच. सीमेवर मतभेद असतील तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून ते सोडवावेत असं नियमच सांगतो. नाही सुटलं तर उपविभागीय समिती बघते, पण तिथे गेलेला वाद लवकर परत येत नाही.

किमान दोन पुरावे लागतात. निस्तार पत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची नोंद), गॅझेटियर, जनगणनेच्या नोंदी, वनखात्याची कार्य आयोजना (जंगलातल्या कामांचा आराखडा), जुने नकाशे चालतात. नसतील तर घाबरू नका. देवराई, स्मशानभूमी, पाणवठे, गुरचरण, कंदमुळं, मोहफूल, हिरडा गोळा करण्याच्या जागा, वैदूंची औषधी वनस्पतींची ठिकाणं, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हे सगळे कायद्याने मान्य पुरावे आहेत. ‘अमुकच कागद आणा’ असा आग्रह वरच्या समित्यांना धरता येत नाही. उपग्रह चित्र पूरक म्हणून चालतं, इतर पुराव्यांऐवजी नाही.

यानंतर वनहक्क समितीने वन आणि महसूल विभागाला लेखी कळवून जागेची पडताळणी करायची. त्यांच्या कर्मचाऱ्यांनी हजर राहून शेरा, हुद्दा आणि तारखेसह सही करायची असते. पत्राची पोच जपून ठेवा. पडताळणीचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करायचा आणि फाईल प्रांतांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीकडे द्यायची. तिथून ती जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे जाते. हक्काच्या कागदावर जिल्हाधिकारी, वनविभागाचे जिल्ह्यातले अधिकारी आणि आदिवासी विकासचे अधिकारी सही करतात.

दावा फेटाळला किंवा क्षेत्र कापलं, तर कारण लेखी मिळालंच पाहिजे. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना 2020 पासून त्यापुढे विभागीय आयुक्तांच्या समितीकडेही अपील करता येतं. तोंडी ‘तुमचं होणार नाही’ हा निर्णय नसतो. तो ऐकून फाईल घरी नेऊ नका.

हक्क मिळाला की ग्रामसभेने वनहक्क नियमांतल्या नियम 4(1)(ई) खालची समिती नेमून व्यवस्थापन आराखडा करायचा: कुठला उतार बंद ठेवायचा, चर कुठे खणायचे, गुरं कुठल्या वाटेने न्यायची, रोजगार हमीतून कोणती कामं मागायची. त्याचबरोबर आणखी एक काम आहे, जे बहुतेक गावं विसरतात. मिळालेल्या हक्काची नोंद महसूल आणि वन अभिलेखात जास्तीत जास्त तीन महिन्यांत व्हायला हवी. तारीख लिहून ठेवा आणि तलाठी कार्यालयात जाऊन नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघा.