काजव्याच्या उजेडाला घातलेलं टोपण

मिरगाच्या तोंडावर कणकुंबी-जांबोटीच्या रानात काजवे चमकू लागले की 'काजव्यात फॉस्फरस जळतो' हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते चूक आहे, आणि चकव्याशीही त्या उजेडाचा संबंध नाही. ल्युसिफेरेज नावाचं विकर (एन्झाइम) ऑक्सिजन, मॅग्नेशियम आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, घेऊन ल्युसिफेरीन या काजव्यातल्या पदार्थाचं ऑक्सिडीकरण करतं, त्यातून तो थंड उजेड पडतो.

हाच उजेड जिवंत उंदराच्या शरीरात दुसरं एखादं विकर कामाला लागलंय का, ते दाखवतो. ल्युसिफेरीनच्या एका टोकाला हायड्रॉक्सिल गट असतो. त्याजागी अमिनो गट बसवला (म्हणजे अमिनोल्युसिफेरीन झालं) तरी ल्युसिफेरेजचं काम चालतं. पण त्या अमिनो गटाला अमिनो आम्लांची साखळी जोडली की रेणूवर टोपण बसतं आणि अंधार होतो. साखळीची निवड हीच खरी कारागिरी. पेशी स्वतःला मोडू लागते तेव्हा कॅस्पेज-३ हे कापणारं विकर जागं होतं. ॲस्पार्टिक-ग्लुटामिक-व्हॅलिन-ॲस्पार्टिक हा क्रम ते ओळखतं आणि शेवटच्या ॲस्पार्टिकच्या लगेच पुढे कापतं. अमिनोल्युसिफेरीन नेमकं तिथेच जोडलेलं असतं. मध्ये एक जरी जादा अमिनो आम्ल राहिलं, तरी कापल्यावर ते ल्युसिफेरीनला चिकटून राहील आणि टोपण निघणार नाही.

कॅन्सरचं औषध गाठीच्या पेशी मारतंय का, ते असं बघतात; त्यासाठी उंदरातल्या गाठीच्या पेशींत ल्युसिफेरेजचं जनुक आधीच घातलेलं लागतं. त्यामुळे 'चमकणाऱ्या उंदरांमुळे कॅन्सर बरा' अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नये. हे फक्त औषधं तपासायचं साधन आहे. साध्या ल्युसिफेरीनचं प्रमाण किलोमागे १५० मिलिग्रॅम: १५ मिग्रॅ/मिली द्रावण, २० ग्रॅमच्या उंदराला ०.२ मिली, पोटाच्या पोकळीत टोचायचं. आयसोफ्लुरेनची भूल द्यायची. उजेड साधारण १० ते १५ मिनिटांनी शिगेला जातो. टोपण घातलेल्या रेणूला आधी कापलं जावं लागतं, म्हणून एकच फोटो न काढता दर काही मिनिटांनी काढत राहावं.

मोबाइलची टॉर्च तळहाताखाली धरून बघा: फक्त लाल उजेड आरपार येतो. ६०० नॅनोमीटरखालचा बराचसा उजेड हिमोग्लोबिन शोषून घेतं. अंगाच्या ३७ अंशांना काजव्याचा पिवळट-हिरवा उजेड ६१० च्या आसपास सरकतो, हे आपलं नशीब. काळ्या उंदराचे केस मात्र काढावेच लागतात.

सगळ्यात मोठा घोटाळा एटीपीचा. मरणाऱ्या पेशीतलं एटीपी संपत जातं. कॅस्पेज कापतं, पण ल्युसिफेरेजला इंधनच उरत नाही. म्हणजे अंधार दिसला म्हणून कॅस्पेज नाही, असं म्हणता येत नाही. यासाठी त्याच उंदराला पहिला उजेड पूर्ण विझल्यावर उघडं, म्हणजे टोपण नसलेलं, अमिनोल्युसिफेरीन द्यायचं आणि दोन्ही उजेडांचं गुणोत्तर काढायचं. शिवाय दुसऱ्या गटाला कॅस्पेजरोधक देऊन बघायचं. तरीही उजेड तसाच राहिला, तर साखळी दुसरंच कोणी कापतंय.