उसाच्या फडात समुद्रशेवाळ कुठून आले?

किनाऱ्यावर वाहून आलेले समुद्रशेवाळ शेतात गाडण्याची रीत आयर्लंड, स्कॉटलंड, फ्रान्समधील ब्रिटनी या भागांत जुनीच. पण ओले शेवाळ म्हणजे बहुतांश पाणी. किनाऱ्यापासून लांब नेणे परवडायचे नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस रेजिनाल्ड मिल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तपकिरी शेवाळ अल्कलीत, उष्णता आणि दाब देऊन विरघळवले. त्यातून 'मॅक्सिक्रॉप' हा द्रव अर्क बाजारात आला. 'अॅस्कोफायलम' (एक तपकिरी शेवाळ) लिहिलेली काळी पावडर आज कृषी सेवा केंद्रात मिळते, ती याच घराण्यातली.

या अर्काचा पिकाला फायदा सूक्ष्म अन्नद्रव्यांमुळे होतो, असे आधी मानले जाई. पण एकरी एवढ्याशा द्रावणातून अन्नद्रव्ये मिळणार किती? १९७० च्या दशकात जेराल्ड ब्लन्डन यांच्यासारख्या संशोधकांनी लक्ष वळवले ते सायटोकायनिन या संजीवकाकडे, म्हणजे पेशींची वाढ घडवणाऱ्या द्रव्याकडे. म्हणजे हे खत नव्हे. युरिया-पोटॅश कमी करून त्याजागी हे फवारणाऱ्याचा ऊस मागेच पडणार.

भारतातली वाट वेगळी. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने १९८४ मध्ये कप्पाफायकस हे लाल शेवाळ जपानमधून आणून ओखा येथे रुजवले. पुढे ते तमिळनाडूत मंडपमला गेले. हेतू होता कॅराजीनन, म्हणजे खाद्यपदार्थ घट्ट करायला वापरतात तो पदार्थ. ताजे शेवाळ दळून गाळले की चोथ्यातून कॅराजीनन मिळते आणि रस वेगळा निघतो. हा रस पानांवर फवारण्याची कल्पना इथलीच. पेप्सिकोने परवाना घेतला, बचतगटांच्या बायकांनी बांबूच्या तराफ्यांवर लागवड केली आणि २००८ मध्ये हा व्यवसाय अॅक्वाअॅग्री कंपनीकडे गेला.

इथेच एक घोटाळा होतो. संस्थेच्या प्रयोगांत ताजा रस पाण्यात टक्क्यांनी मिसळलेला असतो: ५ टक्के म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५० मिली. बाजारातल्या अर्काची मात्रा सहसा लिटरला २ ते ३ मिली. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली की एक तर पैसे वाया, नाहीतर परिणाम शून्य.

उसात फवारणी फुटवे फुटताना, साधारण ६० दिवसांनी, आणि कांड्या सुटताना ९० ते १२० दिवसांनी जमते. पुढे ऊस डोक्यावर गेला की पाठीवरचा पंप चालत नाही, ड्रोनच लागतो. पान मेणचट, म्हणून द्रावण पानाला चिकटवणारा स्टिकर घालावा. तपकिरी शेवाळाच्या अर्कात अल्जिनेट हा चिकट पदार्थ असतो. कॅल्शियम नायट्रेट किंवा बोअरचे जड (क्षारयुक्त) पाणी मिसळले तर तो गोठून नोझल तुंबतो.

बरीच वर्षे ही 'टॉनिके' कायद्याबाहेर विकली गेली, म्हणून कुणीही काहीही भरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांसाठी, म्हणजे अशाच टॉनिकांसाठी, अनुसूची ६ आली. तात्पुरत्या नोंदणीची मुदत वाढत वाढत जून २०२५ पर्यंत गेली. त्यामुळे डब्यावर शेवाळाची जात, अर्काचे प्रमाण आणि नोंदणीचा उल्लेख नसेल, तर पावती मागूनही उपयोग नाही. माल दुकानातच ठेवावा.