गाणं लावणं वेगळं, गाणं वाजवणं वेगळं

गेल्या हिवाळ्यात, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, आमच्या कम्युनिटी रेडिओवर एका बाईंचा फोन आला. वावरातूनच बोलत होत्या, मागं बायांचा गलका चालला होता. "काल थे लाकडाचं वाजत होतं नं भाऊ, थे आज पुन्हा लावा."

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं की ते लावता येणार नाही. आदल्या दिवशी आम्ही काही लावलंच नव्हतं. खोलीत माणसं बसून वाजवत होती.

ऐकणाऱ्याला हा फरक कळायचं काही कारण नाही. आवाज त्याच मोबाइलमधून येतो, त्याच वेळेला येतो, आणि मध्ये बोलणारा मीच असतो. पण केंद्र चालवणाऱ्यालाही तो कळत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. परदेशी संगीताची रेकॉर्ड लावणं आणि गावात आलेल्या परदेशी वादकांना माइकपुढं बसवणं, या दोन्ही गोष्टी आमच्या वेळापत्रकात एकाच रकान्यात होत्या: गुरुवार संध्याकाळ, देशोदेशीचं संगीत, अर्धा तास. तयारी एक, वही एक, समज एक. घोळ तिथंच झाला.

आधी रेकॉर्डचं सांगतो, ते सोपं आहे. रेकॉर्ड म्हणजे तबकडी असो, सीडी असो की पेन ड्राइव्हमधली फाइल असो, तिच्यातले सगळे निर्णय आधीच झालेले असतात. माइक कुठं ठेवायचा, कोणाचा आवाज वर घ्यायचा, कुठं कापायचं, हे दुसऱ्या कोणी तरी दुसरीकडं ठरवलेलं असतं. आपल्या हाती उरते निवड आणि निवेदन. ही दोन कामंही कमी नाहीत. माली या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाचा गिटारवादक अली फरका तुरे आम्ही नुसता लावला तेव्हा कोणी दखल घेतली नाही. दुसऱ्या वेळी आधी सांगितलं की हा माणूस स्वतःला गाणाऱ्याआधी शेतकरी म्हणवायचा, २००४ मध्ये आपल्या नियाफुंके गावाचा महापौर झाला आणि पदरचे पैसे घालून त्यानं रस्त्यांची कामं केली. मग तेच गाणं लोकांनी कान देऊन ऐकलं. सरपंचांनी तर मुद्दाम विचारून घेतलं, पदरचे म्हणजे खरंच पदरचे का.

अशा देशोदेशीच्या संगीताला 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव कुठून आलं, याची गंमत जाता जाता सांगतो. १९८७ च्या जूनमध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात 'एम्प्रेस ऑफ रशिया' नावाच्या पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची मंडळी जमली होती. त्यांचा प्रश्न दुकानदारीचा होता: या आफ्रिकेच्या, आशियाच्या तबकड्या दुकानदारानं कुठल्या खणात ठेवायच्या? खणाला पाटी पाहिजे म्हणून हे नाव त्यांनी पक्कं केलं. शब्द त्याआधीही अमेरिकेतल्या अभ्यासकांकडं होता, पण बाजारात चालला तो इथून. ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारवाल्यांनी २०२० मध्ये आपल्या पुरस्काराच्या नावातलं 'वर्ल्ड' काढून 'ग्लोबल' केलं. त्या हिशेबानं दंडार, खडीगंमत या आपल्या विदर्भातल्या लोककलाही तिकडच्या दुकानात त्याच खणात पडणार. आपल्या लेखी मात्र परकं आहे ते लंडनचं.

आता हक्काचं. रेकॉर्ड लावताना सगळ्यात जास्त फसगत इथं होते. "यूट्यूबवर फुकट हाय, मग आपण लावलं तं काय झालं?" हा प्रश्न आमच्या दर नव्या पोराचा असतो. ऐकायला मिळालं म्हणजे प्रसारित करायला मिळालं असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एकाच रेकॉर्डवर शब्द लिहिणाऱ्याचा वेगळा हक्क आहे, चाल बांधणाऱ्याचा वेगळा, ध्वनिमुद्रण करणाऱ्या निर्मात्याचा वेगळा. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ३१-ड आलं. त्यानुसार रेडिओनं आधी नोटीस देऊन, ठरलेली रॉयल्टी भरून प्रकाशित झालेलं गाणं लावायची वाट आहे. नाही तर थेट मालकाची परवानगी घ्यायची, किंवा ज्यांनी आपणहून खुला परवाना दिला आहे अशाच रेकॉर्ड शोधायच्या. त्यातही काही परवाने धंद्यासाठी चालत नाहीत. म्हणजे कार्यक्रमात खताच्या दुकानाची जाहिरात घेतली की अडचण आलीच.

अजून एक चकवा. गाणं दोनशे वर्षांचं पारंपरिक असेल तर ते कोणाचंच नाही, हे खरं. पण त्याची रेकॉर्ड कोणाची तरी असते, आणि ती प्रकाशित झाल्यावर ६० वर्षं तिच्यावर हक्क राहतो. ओवी सगळ्यांची, पण ओवीची सीडी काढणाऱ्याची.

आता पाहुण्यांकडं येऊ. आणि आधी 'बँड' या शब्दाकडं. "गुरुवारी आपल्या केंद्रावर पाहुणा बँड येणार" अशी घोषणा मी दोन दिवस करत होतो. लोकांनी विचारलं, "कोनाचं लगन हाय?" एकानं तर त्यांचा रेट विचारला, त्याच्याकडं फेब्रुवारीत कार्य होतं. तिसऱ्या दिवसापासून मी 'वादक मंडळी' म्हणायला लागलो.

ही मंडळी म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्याच बुर्किना फासो देशाचे तिघं. सेवाग्राम पाहायला आले होते, तिथल्या ओळखीनं आमच्याकडं एक संध्याकाळ घालवायला तयार झाले. पैशांचा प्रश्न आम्ही काढला नाही. पर्यटक व्हिसा कमाईच्या कामासाठी नसतो, एवढं आम्हाला ठाऊक होतं. जेवण, मुक्काम आणि गावरान तूर डाळीची एक पिशवी, एवढ्यावर ठरलं.

त्यांच्याकडं बालाफोन होता. लाकडी पट्ट्यांची चौकट, खाली लहान-मोठे वाळलेले भोपळे लटकवलेले, वरून रबर गुंडाळलेल्या काठ्यांनी वाजवायचं. हे वाद्य सेनुफो नावाच्या लोकांच्या धाटणीचं. माली, बुर्किना फासो आणि कोत दिव्वार या तीन देशांत मिळून ते आहे, आणि २०१२ पासून या तिन्ही देशांच्या नावानं युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. योगायोग बघा, माली आणि बुर्किना फासोच्या त्या पट्ट्यात मोठं पीक कापसाचंच.

आमच्या भजनी मंडळाचा खंजिरीवाला म्हातारा वाद्याखाली वाकून पाहत होता. म्हणाला, "अबे, हे तं भोपये हायेत!" मग त्यानं एका भोपळ्याला पडलेलं भोक दाखवलं. त्यावर कसला तरी पातळ पापुद्रा चिकटवलेला. तो कोळ्याच्या अंड्यांच्या कोषाचा असतो. काठी पडली की पट्टी वाजते, आणि पापुद्रा थरथरून आवाजाला एक झणझण जोडतो.

या झणझणीनं माझी फजिती केली. हेडफोन लावून मी आवाज तपासत होतो. पट्टी वाजली की मागं खर्रर्र. मला वाटलं माइक फाटला. माइक बदलला, वायर बदलली, मिक्सरवर वरचे सूर कापून टाकले. तिघांपैकी थोरल्यानं ते ऐकलं आणि हातानंच 'नाही, नाही' केलं. ती खर्रर्र काढली तर वाद्यच गेलं. तानपुऱ्याच्या सुराला झणझण देणारी जवारी काढून टाकावी तसं. रेकॉर्डवर हेच वाद्य मी आधी लावलेलं होतं, पण तिथं कोणी तरी जाणत्यानं झणझण नेमकी मोजून ठेवलेली होती, म्हणून मला ती कधी वेगळी ऐकूच आली नाही. समोर बसून वाजवलं की निर्णय तुमचा, आणि चूकही तुमची.

बाकी तयारीही वेगळी. पंखा बंद. भिंतींना बारदाना लटकवलेला. बाहेर ट्रॅक्टर उभा करणाऱ्याला हात जोडून पुढं पाठवलेलं. साडेसातला लाइन जाते म्हणून इन्व्हर्टर दुपारपासून चार्जिंगला. रेकॉर्ड लावायची असती तर यातलं काहीच लागलं नसतं, मी चहा पिऊन सातला आलो असतो.

मग पेटीवाल्याला साथ करायची हुक्की आली. पांढरी चार धरली, जमेना. काळी दोन धरली, तरी जमेना. जवळ यायचं आणि निसटायचं. पाचच सूर असल्यामुळं आम्हाला वाटत होतं भूप रागच आहे. पण तो भूप नव्हता. सेनुफो बालाफोनमध्ये सप्तक जवळपास पाच सारख्या भागांत वाटलेलं असतं, आणि आपल्या पेटीत ते बारा भागांत. पाचाचा हिशेब बारात बसत नाही, त्यामुळं षड्ज सोडला तर पेटीची एकही पट्टी त्यांच्या पट्टीवर नीट बसेना. पेटीवाला शेवटी भाता बंद करून बसला. खंजिरीवाल्याला सुरांची कटकट नव्हती. त्यानं ताल धरला आणि पुढची बारा मिनिटं ते चौघं थांबलेच नाहीत. मध्ये एकदा म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली, ती माइकवर स्पष्ट गेली. मी मान खाली घातली.

म्हाताऱ्याला या सगळ्यात नवल वाटलं नाही. तो मोझरीच्या, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या परंपरेतला. महाराज १९५५ मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते आणि तिथं त्यांनी भजन म्हटलं, हे तो दर दोन दिवसांनी कोणाला ना कोणाला सांगतो. "आपला मानूस तिकडं जाऊन वाजवते, तं त्यायचा इकडं आला." एवढाच त्याचा हिशेब.

या दोन प्रकारांची गोष्ट एकाच कार्यक्रमात बघायची तर अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या हेलेना गावी जायला हवं. मिसिसिपी नदीकाठचा तो सगळा भाग कापसाचा. तिथल्या केएफएफए केंद्रावर १९४१ मध्ये 'किंग बिस्किट टाइम' सुरू झालं. वेळ दुपारी सव्वाबाराची, शेतावरची माणसं जेवायला बसतात ती. पैसा एका पिठाच्या कंपनीचा. माइकपुढं सनी बॉय विल्यमसन हार्मोनिका घेऊन आणि रॉबर्ट लॉकवूड गिटार घेऊन बसायचे, आणि संध्याकाळी कुठल्या गावी वाजवणार तेही सांगून टाकायचे. त्यांची खरी कमाई तिथं होती. पुढं ब्लूज गिटारवादक म्हणून गाजलेला बी. बी. किंग मळ्यात राबणारा पोरगा असताना हेच ऐकायचा. पुढं त्याच कार्यक्रमात रेकॉर्ड लागायला लागल्या. वाईट झालं असं मी म्हणणार नाही, कार्यक्रम टिकला. पण आज रात्री अमुक गावी या, हे वाक्य रेकॉर्ड म्हणू शकत नाही.

कम्युनिटी रेडिओचा जीव लहान असतो. १०० वॅटचा ट्रान्समीटर, जास्तीत जास्त ३० मीटरचा मनोरा, आवाज पोहोचणार पाच-दहा किलोमीटर. एवढ्यासाठी सरकारी धोरणात अट आहे की निम्मे तरी कार्यक्रम इथंच, इथल्या माणसांच्या सहभागातून झालेले असावेत. रेकॉर्डचा अर्धा तास माझ्या मते त्या खात्यात धरू नये, मध्ये कितीही वऱ्हाडी निवेदन केलं तरी. बालाफोनच्या मागं खंजिरी वाजली तो अर्धा तास मात्र मी बिनदिक्कत धरतो.

आता घोळ कुठं झाला ते. रेकॉर्ड एकदा परवानगी काढून घेतली की अटींप्रमाणं पुन्हा पुन्हा लावता येते. समोर वाजवलेल्याला तोच नियम असेल असं मी धरून चाललो. पण १९९४ पासून आपल्या कायद्यात कलाकाराचा स्वतःचा हक्क आहे. या कलाकाराच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक आहेतच, पण कसरत करणारा, जादूगार आणि गारुडीही आहे, व्याख्यान देणारासुद्धा. म्हणजे आमच्या गावच्या यात्रेतलं कोणीच सुटत नाही. त्यांच्या संमतीशिवाय वाजवणं मुद्रित करता येत नाही की थेट प्रसारितही करता येत नाही, आणि हा हक्क ५० वर्षं चालतो. त्यातून पाहुण्यांनी दुसऱ्या कोणाचं गाणं म्हटलं तर त्या संगीतकाराचा हक्क वेगळा मध्ये येतो, हे तर कोणाच्या डोक्यातच नसतं. आमच्या पाहुण्यांनी पारंपरिकच वाजवलं, ते बरं झालं.

मी त्यांना तोंडी विचारलं होतं, "आज प्रसारित करू ना?" त्यांनी मान हलवली होती. मुद्रण करून ठेवू का, पुन्हा ऐकवू का, हे विचारलंच नाही. कॉम्प्युटरवर मात्र ते सवयीनं मुद्रित झालं. आता फाइल आहे आणि हक्क नाही. सेवाग्रामच्या ओळखीतून निरोप पाठवला आहे, पाहुणे अजून प्रवासात आहेत म्हणे. त्यानंतर आम्ही साधा मराठी कागद केला, तीन ओळींचा: मुद्रण चालेल का, आज प्रसारण चालेल का, पुन्हा प्रसारण चालेल का. प्रत्येकापुढं हो-नाहीची चौकट आणि सही. परवा आलेल्या राजस्थानी मंडळींनी तिसऱ्या चौकटीत 'नाही' केलं. मला ते पटलं. त्यांची स्वतःची सीडी विकायला होती.

त्या वेचणीवाल्या बाईंना नाराज करायचं नव्हतं. पुढच्या गुरुवारी मी परवानगी असलेली बालाफोनची एक चांगली रेकॉर्ड शोधून लावली. स्वच्छ, झणझण नेमकी, कुठं कसर नाही. गाणं संपायच्या आत त्यांचा फोन.

"हे नाई भाऊ, दुसरं लावलं तुमी."

म्हटलं, वाद्य तेच आहे.

"वाद्य असन. पन यात बुढा खोकलत नाई."